सबवूफर आणि शेजारधर्म

दूरदर्शन संचास निराळे स्पीकर जोडण्याची हौस हल्लीं चाकणमध्यें पुष्कळ घरीं दिसते. ती आम्हांस गैर वाटत नाहीं. १९७३ सालीं सिंहगडावरील प्रक्षेपण केंद्रामुळें पुण्याकडे मुंबईचे कार्यक्रम दिसूं लागले, त्या काळच्या संचाची पेटी चांगली खोल असे. आजच्या पातळ संचांत मोठ्या स्पीकरास जागाच नाहीं. पुष्कळ संचांत ते खालीं किंवा मागें तोंड करून बसविलेले असतात. त्यामुळें संवाद नीट ऐकूं येत नाहींत. जोडणीही सोपी आहे. संच व ध्वनियंत्र या दोहोंवर ‘एआरसी’ असें लिहिलेल्या एचडीएमआय खांचा तारेनें जोडाव्या आणि संचाचे स्वतःचे स्पीकर बंद करावे.

सबवूफरची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो केवळ खर्ज वाजवितो. ४० हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारें साडेआठ मीटर लांब असते. साधी भिंत बारीक आवाज बराच अडविते, पण असा खर्ज तिला फारसा अडवितां येत नाहीं. आपण गाणें ऐकतों. शेजाऱ्याच्या वांट्यास नुसते दणके येतात.

कोणी म्हणेल, यास कायदा आहेच. २००० सालच्या नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा असून, रात्र म्हणजे १० ते ६ असें ठरलें आहे. परंतु या मापनांत खर्जाचें वजन कमी धरलें जातें. शिवाय चाकणची रात्र एक नव्हे. कारखान्यांतील रात्रपाळी करून आलेल्या कामगाराची रात्र सूर्य उगवल्यावर सुरू होते. तिचें रक्षण घड्याळ करीत नाहीं, शेजाऱ्यांसच करावें लागतें.

“आमचा पैसा, आमचें घर” हें उत्तर येथें पुरें पडत नाहीं. पैसा आपला असला तरी भिंत दोघांची असते. म्हणून आमचें मत असें कीं, सामाईक भिंतीच्या घरांत साध्या स्पीकरांवर समाधान मानावें. सबवूफर घेतलाच, तर तो सामाईक भिंतीपासून व कोपऱ्यापासून दूर ठेवावा, कारण कोपऱ्यांत खर्ज अधिक वाढतो; आणि त्याचा आवाज मंद राखावा.

विद्यार्थिमित्रहो, घरांत तारा जोडण्याचें काम बहुधा तुमच्याकडेच येतें. तें करण्यापूर्वी शेजारच्या काकांची या आठवड्यांत कोणती पाळी आहे, हें त्यांस जाऊन विचारा. पालकांनींही मुलांस त्यासाठीं अवश्य पाठवावें.