सावलीतली कुंडी

गॅलरीत ऊन येत नाही, काय लावू, असं विचारणाऱ्याने बहुतेक वेळा मोगरा आधीच आणलेला असतो. नर्सरीत तो फुललेला असतो, मोह होतोच. पण मोगऱ्याला रोज पाच-सहा तास ऊन हवं. ते नसेल तर नर्सरीतल्या कळ्या उमलून गेल्या की पुढे नुसता पाला.

तेव्हा आधी सावली कोणती ते बघा. दुपारी बाराला तिथे पांढरा कागद ठेवून वर वीतभर अंतरावर हात धरा. बोटं स्पष्ट उमटली तर काळजीच नाही. हाताचा पुसट आकार दिसला तरी पुष्कळ काही जगेल. काहीच दिसलं नाही, तर तिथे सायकल ठेवा. मात्र ही परीक्षा मे महिन्यात घेऊ नका. मार्चअखेर ते सप्टेंबर सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो नि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. त्यामुळे उत्तरेच्या गॅलरीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. त्यावर भरवसा ठेवून उन्हाची झाडं आणली, की ऑक्टोबरात ऊन गायब आणि झाडं केविलवाणी.

सावलीत झाडं मरतात ती उन्हावाचून कमी, आपल्या मायेने जास्त. उजेड कमी म्हणजे झाडाची वाढ मंद, म्हणजे पाण्याची ओढही कमी. माती ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि पानं पिवळी पडतात. आपल्याला वाटतं तहानलंय, म्हणून आणखी तांब्याभर ओततो. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर तांब्या परत न्या. झेडझेड हे पूर्व आफ्रिकेतलं झाड सोसायट्यांच्या लॉबीत टिकतं, कारण मातीखालच्या जाड कंदांत ते पाणी साठवून ठेवतं. स्नेक प्लांटचंही तसंच. गावाला जाताना या दोघांसाठी शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवायची गरज नाही.

ही झाडं ऑक्सिजन देणारी म्हणून चढ्या भावाने विकतात, त्याला मात्र भुलू नका. १९८९ सालचा नासाचा जो अभ्यास त्यासाठी पुढे करतात, त्यातले प्रयोग बंदिस्त पेट्यांमध्ये झाले होते. आपल्या दिवाणखान्याच्या खिडक्या उघड्या असतात.

खरं तर सावलीतली बाग आपल्याला नवी नाही. गोव्याच्या कुळागरात पोफळींखाली मिरी, विड्याची पानं, हळद, अननस सुखाने नांदतात. शहरात त्यातला नागवेल जरूर लावावा. कडक ऊन त्याला नकोच असतं, दमट हवा मिळाली की झालं. आणि एसीची नळी जिथे टपकते तिथे अळूची कुंडी ठेवा. सावलीत ओल आवडणारं याच्याइतकं बिनतक्रार झाड मला माहीत नाही.

एक पथ्य. अळू, मनीप्लांट, झेडझेड, डिफेनबेकिया ही एकाच कुळातली. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात. फदफद्यात चिंच पडते ती त्या खाजेपायीच. कच्चं पान चावलं तर तोंडाची आग होते. घरात रांगतं मूल किंवा चावरं मांजर असेल तर या कुंड्या उंचावर टांगा आणि खाली स्पायडर प्लांट किंवा बोस्टन फर्न ठेवा. त्यांच्या पानांचं कुणी काही केलं तरी चिंता नाही.