मृत्युपत्र केलंत, पण पेन्शनचं काय?

इंग्लंडात मृत्युपत्राने मालमत्ता हवी त्याला देता येते. म्हणून इथले बरेच मुसलमान शरियतचे वाटे त्यात लिहितात: मुलं असल्यास बायकोला आठवा हिस्सा, मुलीला मुलाच्या निम्मा. पण नोकरीतली पेन्शनची पुंजी बहुधा मृत्युपत्रात येतच नाही! ती कोणाला द्यायची हे योजनेचे विश्वस्त ठरवतात, आपण भरलेला इच्छा-फॉर्म बघून. आपल्याकडे २०१५ पर्यंत विम्याचा कुठलाच नॉमिनी मालक नसे, पैसे वारसांचेच; असं सुप्रीम कोर्टाने १९८४ साली सांगितलं होतं. इथे पैसे ज्याला मिळाले, ते त्याचेच. वाटे शरियतचे ठेवा की मुलीला समान द्या, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण फॉर्म लग्नाआधीचा असेल, तर निर्णय परकेच घेणार. मंडळी, पोरं इकडे असतील तर फोनवर एवढं विचाराच!