बिबट्याच्या शेजारी राहताना

२५ जानेवारी २०१९ रोजी नाशिकच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला. बघ्यांची गर्दी लोटली. लोकप्रतिनिधी व पत्रकारही जखमी झाले. गोदाकाठच्या उसात बिबट्याची मादी पिलांना जन्म देते. तोडणी होताच तिचा आसरा जातो. बिबट्याला पकडून दूर सोडणे हा उपाय वाटतो. परंतु जुन्नर परिसरात २००१ पासून पकडलेले बिबटे अन्य जंगलांत सोडले, तेव्हा माणसांवरील हल्ले घटण्याऐवजी वाढले. शेतवस्तीवर जीव मुठीत धरून राहणाऱ्यांची भीती आम्ही क्षुल्लक मानत नाही. म्हणूनच गोठा बंदिस्त असावा, अंधारात मुलांना एकटे सोडू नये आणि बिबट्या दिसताच गर्दी न करता वनविभागाला १९२६ क्रमांकावर कळवावे, अशी आमची विनंती आहे. सावधगिरीतच दोघांचेही रक्षण आहे.