निरंक अहवाल आणि सोन्याची सात नगरे

शासकीय पत्रव्यवहारात 'निरंक' नावाचा एक शब्द आहे. वरिष्ठ कार्यालयाने विहित नमुन्यात माहिती मागवावी आणि आपल्याकडे कळविण्यासारखे काही नसेल, तर त्या रकान्यात 'निरंक' असे लिहून तक्ता परत पाठवावा, असा प्रघात आहे. मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडमध्ये वास्तव्य असलेल्या मराठी वाचकांना हा शब्द तेथील हिंदी कागदपत्रांतही भेटला असेल. या शब्दाला कोणी फारसा मान देत नाही. निरंक अहवाल पाठविणारा अधिकारी निष्क्रिय ठरतो आणि काहीतरी 'आढळले' असे कळविणारा कर्तबगार. मला मात्र हा शब्द प्रशासनातील अत्यंत मोलाच्या शब्दांपैकी एक वाटतो. त्याचे मोल समजून घ्यायचे असेल, तर १५४० साली मेक्सिकोतून उत्तरेकडे निघालेल्या फ्रान्सिस्को व्हास्केझ दे कोरोनादो या स्पॅनिश सरदाराच्या मोहिमेकडे पाहावे. ती मोहीम सामान्यतः लोभाची कथा म्हणून सांगितली जाते. लोभ त्यात होताच. परंतु लोभाला शासकीय निर्णयाचे रूप कसे आले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

प्रथम त्या काळाची मनःस्थिती ध्यानात घ्यावी लागेल. १५२१ मध्ये कोर्तेसने अझ्टेकांची राजधानी जिंकली. १५३३ पर्यंत पिझारोने पेरूतील इंका सम्राट अताउआल्पा याच्याकडून खोलीभर सोन्याची खंडणी वसूल करून त्याला ठारही केले. ऐकीव वार्ता अवघ्या बारा वर्षांत दोनदा खऱ्या ठरल्या होत्या. त्यामुळे तिसरी वार्ता खोटी मानणारा मनुष्यच त्या काळी अव्यवहारी ठरला असता. त्यात एक जुनी दंतकथा होती. आठव्या शतकात मुस्लिम आक्रमणामुळे इबेरियातून सात बिशप समुद्रापार पळाले आणि त्यांनी सात वैभवशाली नगरे वसविली, अशी ती कथा. १५३६ मध्ये नार्व्हाएझच्या फसलेल्या मोहिमेतील चार जण, काबेसा दे व्हाका, दोरान्तेस, कास्तिल्यो आणि एस्तेबान हा मूळचा मोरोक्कोचा गुलाम, आठ वर्षांच्या भटकंतीनंतर मेक्सिकोत परतले. उत्तरेकडे मोठ्या वस्त्या असल्याचे त्यांनी ऐकले होते. ऐकीव माहिती जुन्या दंतकथेला जाऊन मिळाली, आणि 'सीबोलाची सात नगरे' जन्माला आली.

व्हाइसरॉय आंतोनिओ दे मेंदोसा हा सावध प्रशासक होता. त्याने एकदम फौज पाठविली नाही. १५३९ मध्ये त्याने फ्राय मार्कोस दे निसा या धर्मगुरूला पाहणीसाठी धाडले आणि वाटाड्या म्हणून एस्तेबानला सोबत दिले. मार्कोसने एस्तेबानला पुढे पाठविताना एक सांकेतिक पद्धत ठरवून दिली. एस्तेबान लिहिणारा नव्हता. म्हणून त्याने निरोप्याबरोबर क्रूस पाठवावा. मध्यम महत्त्वाचे काही आढळल्यास वीतभर, मोठे आढळल्यास दोन वितींचा, आणि मेक्सिकोहूनही मोठे आढळल्यास त्याहून मोठा. चार दिवसांतच निरोप्या पुरुषभर उंचीचा क्रूस घेऊन आला.

वाचकहो, या नमुन्याकडे एखाद्या कार्यालयीन तक्त्याप्रमाणे पाहा. त्यात तीन रकाने आहेत: मध्यम, मोठे, फार मोठे. 'काही नाही' यासाठी रकानाच नाही. 'ऐकले आहे, परंतु पाहिलेले नाही' यासाठीही नाही. एस्तेबानने स्वतः सीबोला पाहण्यापूर्वीच, वाटेत भेटलेल्या लोकांच्या सांगण्यावरून तो मोठा क्रूस पाठविला होता. पुढे तो सीबोलाला पोहोचला आणि तेथे मारला गेला. ज्याने पाहिले, त्याचा अहवाल कधी आलाच नाही. आपण तो टेकडीवरून दुरून पाहिला आणि ते नगर मेक्सिको शहराहून मोठे आहे, असे मार्कोसने लेखी कळविले. तो खरोखर तेथवर गेला होता की नाही, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही.

तरीही मेंदोसाने आणखी एक पडताळणी केली, आणि येथेच या प्रकरणाचा गाभा आहे. नोव्हेंबर १५३९ मध्ये त्याने मेल्चिओर दिआझ या अनुभवी अधिकाऱ्याला पंधरा घोडेस्वारांसह उत्तरेकडे पाठविले. थंडीमुळे दिआझ सीबोलापर्यंत जाऊ शकला नाही. परंतु तेथे राहून आलेल्या लोकांची त्याने कसोशीने चौकशी केली. दगडी घरे आहेत, शेती आहे, पिरोजा रत्ने आहेत. मात्र धातूविषयी कोणी काही सांगू शकत नाही, असा त्याच्या अहवालाचा आशय होता. सोन्याच्या रकान्यापुरता तो निरंक अहवालच म्हणायचा.

आता तारखा पाहा. मोहिमेच्या फौजेची हजेरी कोंपोस्तेला येथे फेब्रुवारी १५४० मध्ये झाली. दिआझची आणि सैन्याची गाठ पडली ती त्यानंतर, वाटेत चामेत्ला येथे. म्हणजे पडताळणीचा आदेश आधी निघाला, पण तिचे उत्तर येण्यापूर्वीच निर्णय अमलात आला. घाईला कारणही होते. कोर्तेस, अल्वारादो, दे सोतो असे प्रतिस्पर्धी उत्तरेवर हक्क सांगण्यास टपलेले होते. थांबणे म्हणजे हातची संधी घालविणे, असे मेंदोसाला वाटले असावे. शिवाय मोहिमेचा खर्च राजाच्या तिजोरीतून नव्हता. खुद्द व्हाइसरॉयचा, कोरोनादोच्या पत्नीच्या इस्टेटीचा आणि सामील झालेल्या प्रत्येकाचा पैसा त्यात गुंतला होता. तीनशेच्या आसपास स्पॅनिश लोक आणि मेक्सिकोतील हजाराहून अधिक स्थानिक सहयोगी योद्धे घर सोडून निघाले होते. अशा वेळी दिआझचा अहवाल कानावर पडून सैन्यात कुजबुज सुरू झाली, तेव्हा सोबत असलेल्या मार्कोसने सर्वांना धीर दिला. सैन्य पुढे गेले.

७ जुलै १५४० रोजी ते सीबोलाला, म्हणजे आजच्या न्यू मेक्सिकोतील झूनी लोकांच्या हाविकू या गावी पोहोचले. प्रथेप्रमाणे 'रेकेरिमिएंतो' हा जाहीरनामा सांगण्यात आला: पोप आणि स्पेनचा राजा यांची सत्ता मान्य करा, अन्यथा होणाऱ्या हानीस तुम्हीच जबाबदार. ऐकणाऱ्यांना त्यातला अर्थ कळणे शक्य नव्हते. पण कागद पूर्ण झाला. लढाई झाली, कोरोनादो दगडांच्या माऱ्याने जखमी झाला आणि उपाशी फौजेने गावातील मक्याच्या साठ्याचा ताबा घेतला. सोने नव्हते. नगराचे नाव आणि मोठी दगडी घरे एवढे सोडले तर धर्मगुरूने सांगितलेले काहीही खरे नव्हते, असे कोरोनादोने ३ ऑगस्टच्या पत्रात व्हाइसरॉयला कळविले.

येथून परत फिरता आले असते. परंतु कर्ज काढून आलेल्यांना रिकाम्या हातांनी परतणे परवडणारे नव्हते. रियो ग्रांदेच्या खोऱ्यातील तिगेश प्रदेशात हिवाळा काढताना त्यांनी एक गाव राहण्यासाठी रिकामे करवून घेतले, अंगावरची वस्त्रे व पांघरुणे वसूल केली, आणि एका स्त्रीवरील अत्याचाराची तक्रार आली तेव्हा न्याय दिला नाही. लोक उठले. त्या उठावात शरण आलेल्यांना अभयाचे आश्वासन मिळाल्यावरही खांबांना बांधून जाळण्यात आले. दुसऱ्या एका गावाला कित्येक आठवडे वेढा पडला. सीबोलाच्या अहवालात ज्या लोकांचा उल्लेखही नव्हता, त्यांनी त्या अहवालाची किंमत मोजली.

त्याच सुमारास ज्याला स्पॅनिश 'तुर्क' म्हणत असा एक बंदिवान किविरा नावाच्या सुवर्णभूमीचे वर्णन करू लागला. १५४१ मध्ये कोरोनादो त्याच्या मागे विस्तीर्ण गवताळ मैदाने तुडवीत आजच्या कॅन्सासपर्यंत गेला. तेथे गवताची घरे आणि शेती करणारे लोक आढळले. आपल्याला मुद्दाम मैदानात भरकटविण्यासाठी हे केले, अशी कबुली तुर्काने दिली आणि त्याला गळा आवळून मारण्यात आले. बंदिवानाने मालकाला हवे ते सांगावे, यात नवल कसले? कौटिल्याने अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात तीन स्वतंत्र हेरांचे म्हणणे जुळल्याशिवाय वार्तेवर विश्वास ठेवू नये असा दंडक घातला आहे. त्यातील 'स्वतंत्र' हा भाव महत्त्वाचा. एस्तेबान, मार्कोस आणि तुर्क या तिघांचे म्हणणे जुळत होते खरे. पण तिघेही आपापल्या परीने विचारणाऱ्याच्या इच्छेचाच प्रतिध्वनी ऐकवीत होते.

१५४२ मध्ये मोडकी फौज परतली. स्पॅनिश राज्यव्यवस्थेच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तिच्यात 'रेसिदेन्सिया' नावाची संस्था होती. पद सोडणाऱ्या अधिकाऱ्याच्या कारभाराची न्यायाधीशाकडून रीतसर चौकशी होई आणि कोणालाही तक्रार मांडता येई. १५४४ मध्ये कोरोनादोची अशी चौकशी झाली, स्थानिक लोकांवरील अत्याचारांचीही झाली. त्याचे गव्हर्नरपद गेले. मोहिमेतील वर्तनाच्या आरोपांतून १५४६ मध्ये तो सुटला. त्याचा सेनानी गार्सिया लोपेझ दे कार्देनास मात्र स्पेनमध्ये दोषी ठरला. आपल्याकडेही असेच होते. अंमलबजावणी करणाऱ्याचे वर्तन तपासले जाते. मूळ निर्णय कोणत्या माहितीवर आणि कोणत्या घाईत झाला, हा प्रश्न सहसा धारिकेत येत नाही.

यावर एक आक्षेप येईल: अशा धाडसाशिवाय जग कळले असते का? या मोहिमेनेच युरोपीयांना ग्रँड कॅन्यन आणि गव्यांच्या अफाट कळपांची मैदाने दाखविली. आक्षेप रास्त आहे. परंतु कार्देनासच्या तुकडीला ती प्रचंड दरी म्हणजे नदीच्या पाण्यापर्यंत पोहोचू न देणारा अडथळा वाटली. सोन्याच्या तक्त्यात दरीसाठीही रकाना नव्हता.

हे सारे दूरच्या देशाचे आणि दूरच्या काळाचे म्हणून सोडून देता येत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात, डौंडिया खेडा येथे, एका साधूच्या स्वप्नातील हजार टन सोन्याची वार्ता पसरली. भूवैज्ञानिक पाहणीतील काही संकेतांचा आधार घेऊन पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. सोने निघाले नाही. तेथे कोणाचा जीव गेला नाही, आणि अखेर निरंक निष्कर्ष जाहीरपणे मान्य झाला, हे चांगलेच झाले. पण संकेताचे 'सोने' व्हायला आजही किती थोडा वेळ लागतो, हे त्यातून दिसले.

माझे म्हणणे एवढेच आहे. माहिती मागविताना नमुन्यात 'नाही' म्हणण्यास जागा असावी, आणि तसे म्हणणाऱ्याच्या गोपनीय अहवालावर त्याचा डाग पडू नये. पडताळणी सुरू केली असेल, तर तिचे उत्तर येईपर्यंत निर्णय जाहीर करू नये. अन्यथा पडताळणी हा निव्वळ उपचार ठरतो. आणि अंदाज चुकला तर किंमत कोण मोजणार, हा प्रश्न टिप्पणीत प्रारंभीच लिहिला जावा. मेंदोसा मूर्ख नव्हता, दुष्टही नव्हता. त्याच्याजवळ योग्य माणूस होता, त्या माणसाने योग्य प्रश्न विचारले होते आणि उत्तर खरे आणले होते. ते उत्तर काही आठवडे उशिरा पोहोचले, आणि तोवर ते ऐकण्याची कोणाची तयारी राहिली नव्हती.