हे कडक डोहाळे नव्हेत, आजार आहे

घरात नवा जीव येणार म्हणून सारे आनंदात असतात आणि जिच्या पोटी तो वाढतो आहे, तिला मात्र पाण्याचा घोटही पचत नाही. दिवसातून वीस-वीस वेळा उलट्या, फोडणीच्या वासाने जीव नकोसा होणे, डोळे खोल गेलेले. वडीलधारी मंडळी समजूत घालतात, ‘‘कडक डोहाळे आहेत, चौथा महिना लागला की थांबेल.’’ कुणी दबल्या आवाजात ‘नाजूकपणा’ हा शब्दही वापरते.

सर्वसाधारण मळमळ बहुतेक गर्भवतींना होतेच आणि ती ओसरतेही. परंतु शंभरांतील एखाददुसऱ्या स्त्रीच्या बाबतीत हा प्रकार निराळाच असतो. वजन झपाट्याने घटते, लघवी कमी व गडद होते, तीत किटोन आढळतात. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ‘हायपरएमेसिस’ असे नाव आहे. विसाव्या शतकात पाश्चात्त्य डॉक्टरांनी तिचे खापर स्त्रीच्या मनावर फोडले होते. तिला हे मूल अंतर्मनातून नकोसे आहे, असे निदान करणारे विद्वान तिकडे होऊन गेले! अशा निदानाने त्या माऊलीच्या पदरात आजाराच्या जोडीला अपराधीपणा तेवढा पडला.

अमेरिकेतील जनुकशास्त्रज्ञ मार्लेना फेजो यांनी हे सारे स्वतः भोगले. 1999 मध्ये याच आजारात त्यांचा गर्भ पंधराव्या आठवड्यात गेला. लक्ष वेधून घेण्यासाठी त्या त्रास फुगवून सांगत आहेत, असा संशय त्यांच्यावरच घेतला गेला. पुढची कित्येक वर्षे त्यांनी या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला. केंब्रिजचे स्टीफन ओ’राहिली आदींच्या साहाय्याने त्यांनी काढलेला निष्कर्ष डिसेंबर 2023 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

जीडीएफ-15 हे भूक मारणारे संप्रेरक आपल्या सर्वांच्याच शरीरात अल्प प्रमाणात असते. मेंदूच्या मागील भागावर त्याचा प्रभाव पडला की अन्नावरची वासना उडते व मळमळू लागते. गर्भारपणात गर्भ आणि वार मिळून ते मोठ्या प्रमाणात आईच्या रक्तात सोडतात. ज्या स्त्रीच्या रक्तात ते आधीपासून पुरेसे असते, तिला त्याची सवय झालेली असते. जिच्या रक्तात ते उपजत कमी असते, तिला हा लोंढा सोसवत नाही. बीटा थॅलेसेमियाच्या रुग्ण स्त्रियांमध्ये हे संप्रेरक नेहमीच चढे असते. श्रीलंकेतील अशा स्त्रियांना गर्भारपणी उलट्यांचा त्रास फारच कमी झाल्याचे याच अभ्यासात दिसून आले. म्हणजे हा प्रश्न इच्छाशक्तीचा नव्हे, रक्तातील रसायनाचा आहे.

‘डोहाळे’ हा शब्दच मुळी ‘दौहृद’ या संस्कृत शब्दाच्या कुळातला आहे. गर्भिणीच्या ठायी दोन हृदये नांदतात, म्हणून तिची इच्छा डावलू नये, असे सुश्रुतसंहिता सांगते. सुश्रुतांना संप्रेरके ठाऊक होती, असा दावा करण्याचे काहीच कारण नाही. पण तिच्या तक्रारीला ‘नखरा’ म्हणण्याची मुभा त्यांनी कुणाला दिलेली नाही, हे डोहाळजेवणाचे ताट मांडणाऱ्या घराने ध्यानात ठेवावे.

औषधाची धास्तीही अनेक घरांत असते आणि ती निराधार नाही. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले थॅलिडोमाइड अनेक गर्भवतींनी मळमळीवर घेतले आणि हजारो बालके हातपाय खुंटलेली जन्मली. 1961 मध्ये तेथे ते मागे घ्यावे लागले. परंतु डॉक्सिलामाइन व पायरिडॉक्सिन (जीवनसत्त्व ब-6) यांची जोडगोळी दशकानुदशके वापरात असून गर्भाला सुरक्षित मानली जाते. डॉक्टरांनी ती लिहून दिली असताना भीतीपोटी कपाटात ठेवून देणे हे शहाणपण नव्हे.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी डॉक्टरांना आवर्जून विचारावी. बरेच दिवस पोटात अन्न टिकलेले नसताना ग्लुकोजचे सलाइन चढवायचे असेल, तर त्याआधी थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-1, देणे आवश्यक असते. ते राहून गेले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मधुमेहावरील मेटफॉर्मिनने जीडीएफ-15 वाढते, त्यामुळे गर्भधारणेपूर्वी ते देऊन शरीराला सवय लावता येईल का, याचा विचार संशोधक करीत आहेत. तूर्त मात्र घरातील मधुमेही माणसाच्या डबीतून ती गोळी काढून कुणी सुनेला देऊ नये.