पेण ते रोहा हेही स्थलांतरच



‘पेणहून रोह्याला जाणे म्हणजे काही घर सोडणे नव्हे, जिल्हा तोच, रेल्वे तीच,’ असे एका वाचकाने गेल्या आठवड्यात लिहिले आहे. वर्षापूर्वी आम्ही तेच केले, म्हणून हे उत्तर.

जिल्हा एक असला तरी वर्ष एक नसते. पेणमध्ये ते गणपतीच्या कारखान्यांवर चालते. हमरापूर-जोह्याकडे भर उन्हाळ्यातही मूर्तींचे काम सुरू असते. रोह्याचे वर्ष दसऱ्याच्या सुमारास निघणाऱ्या धावीर महाराजांच्या पालखीभोवती फिरते. पालखीला पोलीस सलामी देतात, हे शेजाऱ्यांनी आम्हाला अभिमानाने सांगितले. रोजचे घड्याळ मात्र धाटावच्या कारखान्यांच्या पाळ्यांचे. (पहिल्या गणपतीला मूर्ती आम्ही पेणहूनच आणली. सवय की हट्ट, कोण जाणे.)

कागदपत्रांचे तर विचारूच नका. मतदारयादीसाठी नमुना ८, शिवाय शिधापत्रिका, गॅस, बँक. अंतर कमी म्हणून एकही अर्ज कमी झाला नाही.

मुले महिनाभरात रुळली. आईला मात्र दुखणेखुपणे सांगायला अजून पेणचेच डॉक्टर लागतात. पत्रलेखकाने एकदा तिच्याशी बोलावे.

– एक वाचक, रोहा