न बघता ओळखा!

मुलांनो, स्वयंपाकघरात काही पडलं, की आई बाहेरच्या खोलीतूनच सांगते, “वाटी पडली वाटतं!” नाहीतर, “अरे, परात पाडलीस का?” आवाज किती मोठा झाला एवढ्यावरून हे कळत नाही. वाटीच्या आवाजात बारीक सूर जास्त, परातीच्या आवाजात जाड सूर जास्त. त्यावरून ती ओळखते.

आकाशातले रेडिओ स्रोतही असेच ओळखतात. रेडिओलहरी म्हणजे काही आवाज नव्हे. त्या प्रकाशाच्याच बहिणी, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या. पण त्यांच्यातही कमी-जास्त कंपनसंख्या असतेच. प्रत्येक कंपनसंख्येला लहरी किती जोरदार आहेत, ते मोजायचं आणि आलेख काढायचा. हाच त्या स्रोताचा रेडिओ वर्णपट.

आता दोन आलेख पाहू. शर्मिष्ठा तारकासमूहात एका स्फोट झालेल्या ताऱ्याचे अवशेष आहेत. त्यांचं नाव ‘कॅसिओपिया ए’. तिथे इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने चुंबकीय क्षेत्रात गरगर फिरतात. त्याचा आलेख घसरगुंडीसारखा: १५० मेगाहर्ट्झला जेवढा जोर, त्याच्या साधारण पाचवा हिस्सा १४०० मेगाहर्ट्झला. मृग नक्षत्रातला तेजोमेघ मात्र उलटा. तिथे नवे तारे जन्मतात आणि वायू सुमारे दहा हजार अंश तापलेला असतो. हा वायू कमी कंपनसंख्येच्या लहरी स्वतःच गिळतो. म्हणून आलेख आधी चढतो, मग जवळजवळ सपाट होतो. घसरगुंडी म्हणजे मेलेला तारा, चढण म्हणजे ताऱ्यांचं बाळंतघर!

असे वर्णपट मोजणारी मोठी दुर्बीण आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. नारायणगावजवळच्या खोडदची ‘जीएमआरटी’. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. तिच्या ३० डिश आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर! मोजण्याची रीत भाजीवाल्याच्या तराजूसारखी. एका पारड्यात भाजी, दुसऱ्यात माहीत असलेलं वजन. इथे डिश आधी ‘३सी २८६’ सारख्या, जोर पक्का माहीत असलेल्या स्रोताकडे वळवतात, मग नव्या स्रोताकडे. दोन्हींची तुलना केली की माप मिळतं.

पण एक अडचण आहे. या लहरी अतिशय क्षीण असतात. मोबाईल, गाडीच्या इंजिनातली ठिणगी, विजेच्या तारा यांचा गोंगाट त्यांना सहज बुडवून टाकतो. गोंगाटाने भरलेल्या कंपनसंख्येचं माप फेकून द्यावं लागतं आणि आलेखातले तेवढे ठिपके गळतात. फार ठिपके गळाले, तर चढण की घसरगुंडी, कसं सांगणार? म्हणून दुर्बिणीभोवतीची रेडिओ शांतता जपणं, हे आपलंही काम आहे.

करून पाहा : घरात जुना रेडिओ असेल तर मोठ्यांना सोबत घ्या. मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेली जागा शोधा. शेगडीपासून दूर, रेडिओजवळ गॅसचा लायटर दाबा. ‘टक्’ असा आवाज येईल. आता काटा दुसऱ्या टोकाला न्या. तिथेही ‘टक्’! एवढीशी ठिणगी किती कंपनसंख्या अडवते, ते वहीत लिहून ठेवा.